भस्मासुराचा हात

वाचकहो, प्रारंभी एक अगदी साधा प्रश्न विचारतो. दुपारच्या जेवणात आपण वाटीभर वरण खातो, कोणी अंडे खातो, कोणी मासळी. काही तासांत त्यातली प्रथिने पोटात विरघळून जातात. आता आपले स्नायू, आपले आतडे, फार काय पण खुद्द पोटाची पिशवीसुद्धा प्रथिनांचीच बनलेली आहे. मग बोकडाचे मांस पचविणारे हे पोट स्वतःलाच का पचवून टाकीत नाही?

प्रश्न पोरकट वाटेल, पण तो थोरामोठ्यांनी विचारलेला आहे. लंडनचा प्रसिद्ध शस्त्रवैद्य जॉन हंटर याने १७७२ साली यावर एक निबंध लिहिला. मृत्यूनंतर काही देहांत जठराची भिंत आपल्याच रसाने विरघळलेली त्याला आढळली होती. म्हणजे रस तोच. जिवंतपणी त्याला काहीतरी आवरून धरीत असले पाहिजे. हे ‘काहीतरी’ कोणते, एवढे मात्र त्याला सांगता आले नाही.

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यावर आडवा पडलेला, सुमारे वीतभर लांबीचा एक अवयव आहे. त्याला आपण स्वादुपिंड म्हणतो. नाव गोड, पण गडी मोठा जहाल! रोज लिटर-दीड लिटर पाचक रस तो लहान आतड्यात ओततो, आणि प्रथिने तोडणारी सर्वांत कडक विकरे याच रसात असतात. पॅरिसच्या क्लोद बर्नार याने या रसाचा कसून अभ्यास करून १८५६ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १८७६ साली हायडेलबर्गच्या विल्हेल्म क्यूने याने त्यातल्या प्रथिनभंजक विकराला ‘ट्रिप्सिन’ असे नाव दिले. आज सर्व जगात रूढ असलेला ‘एन्झाइम’ हा शब्दही त्याचाच.

पण त्याच सुमारास, १८७५ मध्ये, ब्रेस्लाऊच्या रुडॉल्फ हायडेनहाइन याला एक चमत्कारिक गोष्ट दिसली होती. जनावराचे ताजे स्वादुपिंड काढून त्याचा अर्क केला, तर तो प्रथिनांना धक्का लावीत नाही. तोच अवयव काही काळ ठेवून मग अर्क केला, तर तो सपाट्याने प्रथिने तोडू लागतो. याचा अर्थ असा की स्वादुपिंडात ट्रिप्सिन तयार नसतेच. तेथे असते त्याचे निरुपद्रवी पूर्वरूप. त्याला ट्रिप्सिनोजेन म्हणतात.

मग ते जागे कोठे होते? याचे उत्तर रशियातून आले. सेंट पीटर्सबर्गला पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेत शेपोवाल्निकोव्ह याने १८९९ साली दाखवून दिले की, लहान आतड्याच्या रसात एक वेगळे विकर असते आणि त्याचा स्पर्श झाला म्हणजे स्वादुपिंडाचा रस प्रथिनांवर तुटून पडतो. हे कसे घडते तेही आज आपल्याला माहीत आहे. ट्रिप्सिनोजेनच्या तोंडावर आठ अमिनो आम्लांचे एक टोपण असते. आतड्यात पोचल्यावर ते टोपण कापले जाते आणि ट्रिप्सिन मोकळे होते. निसर्गाची योजना पाहा कशी आहे ती! हत्यार कारखान्यात घडवायचे, पण त्याची धार उघडायची ती प्रत्यक्ष कामाच्या जागी.

बरं, हे टोपण कारखान्यातच निघाले तर?

ही शंका प्रथम नीट मांडली ती प्रागच्या हान्स किआरी या विकृतिशास्त्रज्ञाने, १८९६ साली. स्वादुपिंडाच्या दाहाने दगावलेल्या रोग्यांच्या शवांत त्याला तो अवयव स्वतःच्याच रसाने पचल्यासारखा दिसला. स्वादुपिंडदाह हे दुखणे ज्याने पाहिले तो ते विसरत नाही. पोटाच्या वरच्या भागात कळ उठते ती पाठीत जाते. रोगी पुढे वाकून, गुडघे पोटाशी घेऊन बसून राहतो. हा रोग म्हणजे स्वादुपिंडाचे आत्मपचन होय, असे किआरीचे म्हणणे.

पण म्हणणे वेगळे आणि सिद्ध करणे वेगळे. अडचण अशी की मेल्यानंतर स्वादुपिंड तसेही लवकर विरघळते. तेव्हा शवात दिसलेले पचन रोगाचे कारण, की रोगाचा परिणाम, की नुसता मृत्यूनंतरचा फेरफार, हे ठरविणार कसे? इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण ओळखीची वाटेल. वाडा जळालेला दिसतो. पण आग आधी लागली की लूट आधी झाली, ते राखेवरून कळत नाही. त्यासाठी साक्षीदार लागतो. किआरीच्या शंकेला साक्षीदार मिळायला बरोबर शंभर वर्षे लागली.

मधल्या काळात ट्रिप्सिनविषयीचे ज्ञान मात्र पुष्कळ वाढले. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत प्रिन्स्टनला, रॉकफेलर संस्थेच्या प्रयोगशाळेत, जॉन नॉर्थ्रप आणि मोझेस कुनिट्झ यांनी ट्रिप्सिन आणि ट्रिप्सिनोजेन या दोहोंचे शुद्ध स्फटिक मिळविले. विकरे ही प्रथिनेच असतात हे ज्या कामांनी पक्के केले त्यांत हे एक. नॉर्थ्रपला १९४६ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला तो अशाच संशोधनासाठी. ट्रिप्सिन पुरेसे असले तर ते ट्रिप्सिनोजेनचे टोपण स्वतःच काढू शकते, हेही कळले. म्हणजे गंजीत एक ठिणगी पडली की झालं! १९४८ साली लुई कझाल व त्याचे सहकारी यांनी स्वादुपिंडातच असलेला एक पहारेकरी हुडकून काढला. हे एक लहानसे प्रथिन आहे. अवेळी जागे झालेले थोडे ट्रिप्सिन दिसले की ते त्याला मिठी मारून निकामी करते.

एक टोपण झाले, एक पहारेकरी झाला. तिसरीही एक तजवीज होती. ती कोणाच्या ध्यानात आली नव्हती, आणि ती दाखवून दिली रोग्यांच्या घराण्यांनी.

१९५२ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे मँड्रेड कम्फर्ट आणि आनुवंशशास्त्रज्ञ आर्थर स्टाइनबर्ग यांनी एका कुटुंबाची वंशावळ प्रसिद्ध केली. त्या कुटुंबात स्वादुपिंडदाह पिढ्यान् पिढ्या चालत आला होता. या गोष्टीचे महत्त्व समजण्यासाठी एक लक्षात घ्या. या रोगाची नेहमीची दोन कारणे म्हणजे पित्ताचे खडे आणि दारू. त्यामुळे तरुण माणसाला हे दुखणे झाले आणि खडे सापडले नाहीत, की संशय बाटलीवर जातो. रोगी शपथेवर नाही म्हणाला तरी लोक मनात हसतात. आणि मूल असले तर? शाळा चुकविण्यासाठी सोंग करतो, असे ठरते. आनुवंशिक स्वादुपिंडदाहाचा पहिला झटका तर बहुधा बालपणीच येतो. अशा घरांत कळा सोसण्याइतकेच आपले कोणी खरे मानीत नाही हेही दुःख असते. कम्फर्ट-स्टाइनबर्ग यांच्या वंशावळीने पहिली गोष्ट केली ती ही की, या माणसांना तिने खोटेपणाच्या आरोपातून सोडविले.

आपल्याकडे कुलवृत्तांत छापण्याची हौस मोठी. मूळ पुरुष कोण, कोकणातून घाटावर कोण आला, इनाम कोणाला मिळाले, हे सारे त्यात सापडते. पण वृत्तांत चालतो तो बहुधा मुलग्यांच्या अंगाने. मुलगी सासरी गेली की तिची शाखा तेथेच थांबते. वैद्यकातली वंशावळ तशी नसते. तीत पुरुषासाठी चौकोन आणि स्त्रीसाठी वर्तुळ काढतात, आणि मुलीकडच्या शाखेचा पाठपुरावा तितक्याच कसोशीने करतात; कारण रोग आडनाव पाहून चालत नाही. अशी वंशावळ मांडली तेव्हा दिसले की आई किंवा बाप यांपैकी एकाकडून दोष आला तरी तो पुरतो, आणि मुलगा असो की मुलगी, प्रत्येक अपत्याला तो मिळण्याचा संभव निम्मा असतो.

दोष आहे हे कळले. तो कोठे आहे हे कळायला आणखी ४४ वर्षे गेली. १९९६ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाचे डेव्हिड व्हिटकॉम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मोठ्या कुटुंबातल्या रोगी व निरोगी माणसांच्या रक्तातली जनुकद्रव्ये ताडून पाहिली. गुणसूत्रांवरच्या कोणत्या खुणा रोगाबरोबर पिढ्यांतून प्रवास करतात, हे शोधायचे होते. धागा सातव्या गुणसूत्राच्या टोकाकडच्या एका पट्ट्यापाशी पोचला. त्याच वर्षी फ्रान्समधला एक गटही स्वतंत्रपणे तेथेच येऊन ठेपला. आणि योगायोग असा की लीरॉय हूड यांच्या मंडळींनी अगदी वेगळ्याच कामासाठी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या अभ्यासासाठी, याच पट्ट्यातली सुमारे ६,८५,००० अक्षरे तेव्हा नुकतीच वाचून काढली होती. त्या मजकुरात ट्रिप्सिनोजेनची आठ जनुके ओळीने पडलेली सापडली! त्यांतली काही निकामी होती. पण शंभर वर्षे ज्याच्यावर संशय होता, तोच नेमका घटनास्थळी उभा होता.

मग एकेक जनुक तपासले गेले. स्वादुपिंडातल्या मुख्य ट्रिप्सिनोजेनच्या जनुकात एका ठिकाणी ‘जी’ या अक्षराच्या जागी ‘ए’ आढळले. अक्षर एक बदलले की त्यावरून बनणाऱ्या प्रथिनातले एक अमिनो आम्ल बदलते. २४७ अमिनो आम्लांच्या या साखळीत १२२ व्या जागी आर्जिनीन असायचे, तेथे हिस्टिडीन आले होते. मूळ निबंधात हा आकडा ११७ असा आहे, पण त्याने गोंधळून जाऊ नका. तेव्हा मोजदाद दुसऱ्या एका विकराच्या साखळीवरून करीत. पुढे ती माणसाच्या स्वतःच्या साखळीवरून करू लागले. जुन्या कागदात शक आणि नव्यात इसवी सन, तशातलाच हा प्रकार. तपासलेल्या पाचही घराण्यांतल्या सर्व रोग्यांत हा बदल सापडला. त्या घरांत लग्न होऊन आलेल्यांत तो नव्हता, आणि बाहेरच्या १४० माणसांपैकी एकातही नव्हता.

आता गंमत पाहा. एका आम्लाने असे काय बिघडावे? येथे मला भस्मासुराची गोष्ट आठवते. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म होईल, असा वर त्याला मिळाला. तो आवरेना, तेव्हा मोहिनीने त्याला नाचविले आणि नाचता नाचता त्याने हात स्वतःच्याच डोक्यावर ठेवला. ट्रिप्सिनचा वरही असाच नेमका आहे. ते प्रथिनाची साखळी वाटेल तेथे तोडीत नाही. आर्जिनीन किंवा लायसीन ही दोन अमिनो आम्ले जेथे असतील, तेथेच त्यांच्या पुढचा दुवा तोडते. आणि त्याच्या स्वतःच्या अंगावर, सहज हाती लागेल अशा उघड्या वळणावर, १२२ व्या जागी आर्जिनीन ठेवलेले असते. तेव्हा ट्रिप्सिनचे रेणू अवेळी जागे झाले, तर ते एकमेकांना याच जागी तोडतात आणि प्रकरण मिटते. ही ती तिसरी तजवीज. आर्जिनीन जाऊन हिस्टिडीन आले की ट्रिप्सिनला ती जागा ओळखूच येत नाही. हात शाबूत, वर शाबूत, फक्त हात ठेवायला डोके नाही! विकर दुबळे झाल्यामुळे हा रोग होत नाही. विकर पूर्वीइतकेच समर्थ असते. त्याला संपविण्याची वाट तेवढी बंद होते.

किआरीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले. माणूस ट्रिप्सिनोजेनमधला हा बदल जन्मतःच घेऊन येतो. दुखणे मागाहून सुरू होते. आग आधी की लूट आधी, याचा निकाल लागला.

१९९६ चे स्पष्टीकरण मात्र अक्षरशः जसेच्या तसे टिकले असे नाही, आणि हे सांगितलेच पाहिजे. मिक्लोश शाहिन-टोथ या हंगेरियन संशोधकाने २००० साली दाखविले की, बदललेले ट्रिप्सिनोजेन प्रयोगनळीत आपले टोपण आपणच अधिक सहज उडविते. पुढे २००७ मध्ये त्याच्याच गटाने आणखी एक हात दाखवून दिला. कायमोट्रिप्सिन-सी नावाचे दुसरे विकर आधी ८१ व्या जागेपुढे एक घाव घालते, मग १२२ व्या जागेचा घाव पडतो, आणि दोन्ही मिळून ट्रिप्सिनचा पुरता निकाल लागतो. म्हणजे मोडण्याचे काम एकट्याचे नाही. पण १२२ व्या जागेवाचून ते तडीला जात नाही, हे कायम राहिले.

याचा उलटा पुरावा तर फारच बोलका आहे. आपल्या स्वादुपिंडात ट्रिप्सिनोजेनचा आणखी एक भाऊ तयार होतो. काही माणसांत त्याच्या १९१ व्या जागी ग्लायसीनऐवजी आर्जिनीन असते. म्हणजे येथे आर्जिनीन गेले नाही, ते नव्याने आले. तुटण्याची एक जागा वाढली. २००६ साली युरोपातल्या एका मोठ्या पाहणीत हा बदल ६,४५९ निरोगी माणसांपैकी २२० जणांत सापडला, तर जुनाट स्वादुपिंडदाहाच्या २,४६६ रोग्यांपैकी फक्त ३२ जणांत. शेकडेवारीने ३.४ विरुद्ध १.३. लवकर मोडणारे विकर आपल्या धन्याचे रक्षण करीत होते!

कोणी म्हणेल, मग हा ज्याच्या त्याच्या कपाळीचा लेख झाला. तसे मात्र नाही. १२२ व्या जागेचा दोष असलेल्या दहा जणांपैकी साधारण आठांना रोग होतो. दोघे जन्मभर सुखरूप राहतात. एकाच बीजाच्या जुळ्या भावंडांतही एकाला रोग झाला आणि दुसऱ्याला नाही, अशी उदाहरणे २००१ साली नोंदली गेली आहेत. जनुक तेच, घर तेच, तरी फळ वेगळे. मात्र धोका लहान समजू नये. अशा रोग्यांत पुढे स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा संभव पुष्कळ वाढतो. १९९७ च्या एका पाहणीने तो सत्तरीपर्यंत शेकडा ४० इतका सांगितला; नंतरच्या पाहण्यांचे आकडे कमी आहेत, पण काळजी करण्याजोगे आहेतच. तंबाखूच्या धुराने तो आणखी वाढतो, याविषयी वाद नाही. अक्षर बदलणे आपल्या हाती नसले, तरी विडी टाकणे आपल्या हाती आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. दक्षिण भारतात, विशेषतः केरळात, दारूला न शिवलेल्या तरुणांच्या आणि मुलांच्या स्वादुपिंडात खडे होतात, मागाहून मधुमेह जडतो, असे दुखणे फार दिवसांपासून दिसत आले आहे. डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी अशा रोग्यांचा चिकाटीने अभ्यास केला, आणि त्यांचा ग्रंथ १९६८ साली आपल्या मुंबईतच, पॉप्युलर प्रकाशनाने काढला. गरिबांच्या जेवणातल्या टॅपिओकाच्या कंदावर तेव्हा संशय घेतला गेला. पण तो सिद्ध झाला नाही. मग येथेही ट्रिप्सिनोजेनचाच दोष असेल काय? हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलेक्युलर बायॉलॉजी या संस्थेत गिरिराज चांडक व सहकाऱ्यांनी हे तपासले. २००२ साली त्यांनी सांगितले की, नाही. या रोग्यांत ट्रिप्सिनोजेनचे जनुक निर्दोष आहे. बदल सापडला तो कझालच्या पहारेकऱ्यात. २००६ मध्ये त्याच संस्थेला कॅथेप्सिन-बी या दुसऱ्या प्रथिनभंजक विकरातही एक बदल रोगाशी निगडित दिसला. २६ व्या जागी ल्यूसीनऐवजी व्हॅलीन, असा तो बदल. हे कॅथेप्सिन-बी म्हणजे स्वादुपिंडाच्या पेशीत राहून ट्रिप्सिनोजेनचे टोपण काढू शकणारे विकर. निगडित दिसला म्हणजे कारण ठरले असे नव्हे. परंतु दिशा पाहा. अमेरिकेतल्या घराण्यांत मोडण्याची वाट बंद, आपल्याकडे पहारेकरी अधू. दरवाजे वेगळे, घर तेच.

या हकीकतीतून मला जे महत्त्वाचे वाटते ते असे. जोर असलेली वस्तू सुरक्षित ठेवायची तर नुसते कुलूप पुरत नाही. तिला वेळेवर संपविण्याची सोय तिच्यातच असावी लागते. देहाने ती सोय एका आर्जिनीनवर सोपविली होती, आणि ते आपल्याला समजले ते घराण्यांतल्या माणसांनी आपली दुखणी सांगितली म्हणून, आणि कोणीतरी ती खरी मानून लिहून ठेवली म्हणून.

म्हणून एवढेच सांगतो. घरातले मूल वारंवार पोट धरून, पुढे वाकून बसत असेल तर त्याला खोटारडे ठरवू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि जाण्यापूर्वी आजोळच्या मंडळींनाही विचारा की असे दुखणे पूर्वी कोणाला होते काय. कोणत्या मामाला, कोणत्या मावशीला, कोणत्या वयात, हे कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्या. त्यांच्या तपासाला पहिला धागा तेथूनच मिळेल.